नर्स रॅचेडने नियम कुठे मोडला?

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, सध्या सायकियाट्री वॉर्डात पोस्टिंग आहे आणि त्यातच केन केसीची 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट' वाचून झाली. सगळे नर्स रॅचेडला राक्षसीण म्हणतात. पण तिने नियम कुठे मोडला? एवढ्या पेशंटचा वॉर्ड चालवायचा तर शिस्त नको का? आणि विजेचा शॉक, मेंदूचं ऑपरेशन हे खरंच असं असायचं का? पेशंटचे नातेवाईक सिनेमाचा विषय काढतात तेव्हा काय सांगू?"

मी मनोरुग्णालयात स्टाफ नर्स होते, पुढे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झाले, आता मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. दर बॅचला ही कादंबरी मी वाचायला लावते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की, एक प्रसंग सोडला तर तिने नियम कुठेच मोडलेला नाही. पुस्तकाचं सगळं बळ त्यातच आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका मनोरुग्णालयाचा पुरुष वॉर्ड. कैद्यांच्या शेतावरची मजुरी टळावी म्हणून वेडाचं सोंग घेतलेला रँडल मॅकमर्फी तिथे येऊन पडतो. वॉर्डात मिस रॅचेडचा शब्द चालतो, डॉक्टर नावापुरते. मॅकमर्फी जुगार, गाणी, पैजा, मासेमारीची सहल असं काय काय घडवून आणतो, दबलेले पेशंट हळूहळू मान वर करतात आणि त्याची किंमत शेवटी त्याच्याकडून वसूल होते. हे सगळं सांगतो चीफ ब्रॉम्डेन. तो कोलंबिया नदीकाठच्या मूळ अमेरिकन जमातीच्या मुखियाचा मुलगा. धिप्पाड, हातात सतत झाडू, आणि सगळ्यांच्या लेखी ठार बहिरा-मुका.

कादंबरी 1962 ची. स्टॅनफर्डमध्ये लेखनाचं शिक्षण घेत असताना केसी मेन्लो पार्कच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रात्रपाळीचा अटेंडंट होता. त्याआधी तिथेच एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या औषधांच्या प्रयोगात तो पैसे घेऊन स्वतः बसला होता. त्या प्रयोगांमागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे पुष्कळ नंतर उघड झालं. त्याने नाइट ड्युटी केलेली आहे, हे पानापानावर कळतं. किल्ल्यांचा आवाज, पुसलेल्या फरशीचा वास, ट्रेमधले औषधांचे छोटे कप, हे पाहुणा म्हणून वॉर्ड बघून गेलेल्या माणसाला लिहिता येत नाही.

आता नियमांकडे ये. मॅकमर्फीची वॉर्डातली पहिली सकाळ आठव. पावणेसातच्या आधीच तो दात घासायला निघतो. अटेंडंट सांगतो, टूथपेस्ट कपाटात बंद आहे, पावणेसातलाच मिळेल. का? तर वॉर्डाचा नियम. वाटेल त्याने वाटेल तेव्हा दात घासले तर काय होईल? मॅकमर्फी त्याला गंभीर चेहऱ्याने दुजोरा देतो आणि डब्यातल्या साबणाच्या पावडरीने दात घासतो. तिथे कोणी कोणाला मारत नाही, आवाजही चढत नाही. पण टूथपेस्टसुद्धा मागून घ्यावी लागणारा माणूस आठ दिवसांत स्वतःला केवढा समजू लागतो, हे त्या प्रसंगात आहे. तो नियम पेशंटच्या भल्यासाठी कधीच नव्हता. कपाट एकदाच उघडावं लागावं, एवढ्यासाठी होता.

मग ती नोंदवही. ड्युटी रूमजवळ एक वही ठेवलेली असते. दुसरा पेशंट सहज काही बोलून गेला तर ऐकणाऱ्याने ते त्यात लिहायचं. बक्षीस म्हणजे नावापुढे एक चांदणी आणि दुसऱ्या दिवशी जास्त वेळ झोपायची मुभा. ही उपचाराला मदत आहे असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात माणसं एकमेकांसमोर तोंड उघडायची बंद होतात.

सगळ्यात जास्त विचार कर तो ग्रुप मीटिंगचा. तुला सिलॅबसमध्ये 'थेरप्युटिक कम्युनिटी' आहे, त्यात मॅक्सवेल जोन्सचं नाव येतं. हा इंग्लंडमधला मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर बेल्मॉन्ट रुग्णालयात त्याने ही पद्धत घडवली. वॉर्डातली उतरंड मोडायची, पेशंट आणि स्टाफने रोज एकत्र बसायचं, निर्णयात पेशंटचाही शब्द असायचा, हा त्यामागचा विचार. त्या काळात हे धाडसाचं होतं आणि आजही मला ते मोलाचं वाटतं. कादंबरीतले डॉ. स्पायव्ही प्रत्येक नव्या पेशंटला हाच सिद्धांत ऐकवतात. आणि वर्तुळात होतं काय? हार्डिंग नावाच्या पेशंटच्या मनातल्या स्वतःच्या बायकोबद्दलच्या शंका मिस रॅचेड हळूच पटलावर ठेवते आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. मॅकमर्फीला रक्ताचा ठिपका पाहून एकमेकींना टोचून मारणाऱ्या कोंबड्या आठवतात. ती स्वतः कोणालाच टोचत नाही. ती फक्त गेल्या मीटिंगला कोणता विषय अर्धा राहिला होता ते वही पाहून सांगते.

पेशंटला आवाज मिळावा म्हणून काढलेली पद्धत त्याच पेशंटचा आवाज काढून घ्यायला वापरता येते, आणि कागदोपत्री दोन्ही अगदी सारखं दिसतं. केसीने हे फार लवकर ओळखलं. म्हणून "आमच्याकडे रोज ग्रुप थेरपी होते" असं कुठे ऐकलंस तर एवढंच बघ की मीटिंग संपल्यावर पेशंट एकमेकांशी गप्पा मारत बाहेर पडतात की मान खाली घालून.

मतदानाचा प्रसंगही असाच. बेसबॉलचे सामने बघता यावेत म्हणून टीव्हीची वेळ बदलायची आहे. मॅकमर्फी बरे होण्याजोग्या मानलेल्या वीसच्या वीस पेशंटचे हात वर करवतो. मिस रॅचेड म्हणते, वॉर्डात पेशंट चाळीस आहेत. उरलेले वीस कोण? वर्षानुवर्षं भिंतीकडे बघत बसलेले, प्रश्नही न कळणारे. हिशोब बिनचूक आहे, नियमही बरोबर. चीफचा एकविसावा हात वर जातो तोवर ती मीटिंग संपल्याचं जाहीर करून मोकळी झालेली असते. मग ती टीव्हीच बंद करते, आणि ते सगळे त्या काळ्या पडद्यासमोर खुर्च्या मांडून बसतात. तुमच्या पिढीला हा प्रसंग गमतीचा वाटतो. मला तो वाचताना हक्कांबद्दलचं एक अख्खं प्रकरण वाचल्यासारखं होतं.

गोळ्यांचा प्रसंग मी मुद्दाम वर्गात मोठ्याने वाचून दाखवते. टेबर नावाचा एक जुना पेशंट नव्या नर्सला विचारतो, ही कॅप्सूल कसली? ती म्हणते, औषध आहे, तुमच्यासाठी चांगलं आहे. तो नम्रपणे म्हणतो, त्रास द्यायचा नाही, पण काय गिळतोय ते कळल्याशिवाय गिळायचं नाही. मिस रॅचेड येते आणि शांतपणे म्हणते की, मिस्टर टेबरना लहान मुलासारखं वागायचं असेल तर त्यांना तसंच वागवावं लागेल. पुढे त्याचं जे होतं ते तू वाचलं आहेस.

आता हा प्रसंग आपल्या वॉर्डात आण. सकाळी आठची ट्रॉली. एक बाई गोळी घेत नाही. नोट्समध्ये काय लिहिलं जातं? "रुग्णाने सहकार्य केले नाही." हे वाक्य मी शेकड्याने वाचलं आहे आणि ते नर्सिंग नोटमध्ये असू नये असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी असं लिही: "सकाळी 8 ची हॅलोपेरिडॉलची गोळी घेतली नाही. कारण विचारलं. म्हणाली, काल गोळीनंतर जीभ जड झाली आणि मान एका बाजूला ओढली गेली. डॉक्टरांना कळवलं." पहिल्या नोटवरून पेशंटला हट्टी ठरवलं जातं. दुसऱ्या नोटवरून औषधाचा दुष्परिणाम हाती लागतो आणि दहा मिनिटांत त्यावर इंजेक्शन देता येतं. नकारात माहिती असते. केसीलाही ते ठाऊक होतं. सेफेल्ट नावाचा फिट्स येणारा पेशंट आपली डायलँटिन फ्रेडरिक्सनला देऊन टाकतो, का, तर हिरड्या खराब होण्याची भीती. डायलँटिन म्हणजे फेनिटॉइन, आणि हिरड्या सुजून वाढणं हा त्याचा खरा दुष्परिणाम. सेफेल्ट वेडेपणाने वागत नव्हता. गोळी चुकली म्हणून त्याला फिट येते, तेव्हा मिस रॅचेड त्याचा सगळ्यांसमोर धडा म्हणून उपयोग करते. हिरड्यांची काळजी कशी घ्यायची, डोस बदलता येईल का, हे त्याला कोणीच सांगत नाही.

नियम मोडल्याचा जो एक प्रसंग मी म्हणाले, तो बिली बिबिटचा. तोतरा, आईच्या धाकातला पोरगा. मॅकमर्फीने वॉर्डात चोरून घडवलेल्या पार्टीत तो एका मुलीबरोबर रात्र घालवतो, आणि सकाळी मिस रॅचेडशी न अडखळता बोलतो. पुस्तकात तो असा पहिल्यांदाच बोलतो. ती फक्त एवढंच म्हणते की, तुझ्या आईला हे कळलं तर तिला काय वाटेल याची मला काळजी वाटते. बिलीची आई तिची जुनी मैत्रीण आहे आणि त्याच रुग्णालयात रिसेप्शनला बसते. तोतरेपणा जागच्या जागी परत येतो, तो गयावया करतो, आणि थोड्याच वेळात डॉक्टरांच्या खोलीत जीव देतो. इथे तिने दोन गोष्टी केल्या, ज्या कुठल्याच काळात क्षम्य नव्हत्या. पेशंटची गोपनीय गोष्ट धमकी म्हणून वापरली. आणि एवढ्या अपमानानंतर हादरलेला पेशंट, धारदार वस्तू हाताशी असलेल्या खोलीत नजरेआड होऊ दिला. परीक्षेत 'सुइसाइड प्रिकॉशन्स', म्हणजे आत्महत्या टाळायची खबरदारी, लिहितेस ना, तेच.

तरी बिलीपेक्षाही मला मिस रॅचेडची स्टाफ मीटिंग जास्त अस्वस्थ करते. डॉक्टर म्हणतात, मॅकमर्फीला हिंसक पेशंटच्या वॉर्डात हलवू. ती म्हणते, नको, राहू दे इथेच. घाई काय? तो कोर्टाकडून आलेला आहे, किती दिवस ठेवायचं ते आपल्यावर आहे. मॅकमर्फीला हे पोहण्याच्या तलावावरच्या जीवरक्षकाकडून कळतं आणि तो एकदम गप्प होतो. मग त्याला आणखी एक धक्का बसतो. हार्डिंग, बिली आणि बरे होण्याजोगे मानलेले बहुतेक पेशंट तर आपल्या मर्जीने दाखल झालेले आहेत. उद्या सही करून जाऊ शकतात. जात नाहीत, कारण बाहेर पडायचं बळच उरलेलं नाही. कुलूप ज्यांना लागू नाही त्यांनाही ते लागतं, हे दाखवणारं यापेक्षा चांगलं प्रकरण मी वाचलेलं नाही.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने इथे मोठा फरक केला. स्वतःहून दाखल झालेल्या पेशंटने घरी जायचं म्हटलं तर त्याला सोडावं लागतं. ठरावीक कारणं असतील तर तपासणीसाठी जास्तीत जास्त 24 तास थांबवता येतं. स्वतःचे कपडे घालण्याचा, सक्तीने केस न कापले जाण्याचा, आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क त्यात लिहून ठेवला आहे. साखळीने बांधण्यावर बंदी आहे. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले 28 जण आगीत जळून गेले, हे प्रत्येक बॅचला मी सांगते, कारण ती बंदी हवेतून आलेली नाही. पण बिलीला कायदा अडवत नव्हता. त्यामुळे पेशंटला "घरी जायचंय का?" एवढं विचारून भागत नाही. घरी गेल्यावर सकाळी उठून काय करणार, गोळ्या कोण आणणार, शेजारी काय म्हणतील याची भीती वाटते का, हे बोलणं दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू व्हायला हवं.

आता शिस्तीचं. शिस्त हवीच. ब्लेड मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, काडेपेटी आत जाऊ द्यायची नाही, नाडी आणि ओढणी यांच्याकडे लक्ष ठेवायचं, गोळी जिभेखाली राहिली नाही ना ते बघायचं. यात मी कधी ढील दिली नाही. प्रश्न असा विचारायचा की, हा नियम काढला तर इजा कोणाला होईल आणि गैरसोय कोणाची होईल? एका स्त्री वॉर्डात दाखल होताना काचेच्या बांगड्या काढून घ्यायचे. ते बरोबरच होतं, काच आहे. पण टिकलीही काढायला लावत. का, ते कोणालाच सांगता येईना. आधीपासून चालत आलं होतं, एवढंच. टिकलीने कोणाचं काय बिघडणार? आम्ही टिकली लावू दिली. आरशासमोर उभं राहायलाही तयार नसलेल्या दोघी-तिघी दुसऱ्या दिवशी आरसा मागू लागल्या. नियम ढिला केला की वॉर्ड हाताबाहेर जातो, ही मिस रॅचेडची भीती. सगळेच नियम सारखे धरले की कोणता नियम खरंच जीव वाचवतो हे स्टाफलाही कळेनासं होतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पुस्तकातला मला सर्वांत जवळचा माणूस मात्र चीफ. त्याच्या लहानपणी सरकारी माणसं जमिनीचं बघायला येतात आणि तो समोर उभा असताना तो नसल्यासारखं बोलतात. म्हणजे बहिरेपणाचं सोंग आधी त्याने घेतलंच नाही, लोकांनीच त्याला ऐकू न येणारा ठरवलं. त्याच्या जमातीचा धबधबा आणि मासेमारीची जागा धरणाखाली जाते. सेलिलो धबधबा 1957 मध्ये खरोखरच द डॅलेस धरणाच्या पाण्यात बुडाला. त्याला सगळीकडे दिसणारं यंत्र, भिंतीतून सुटणारं धुकं, हे आजाराचं लक्षण आहे आणि त्याने जे पाहिलं त्याचं नेमकं वर्णनही आहे. केसी या दोहोंतलं एक निवडत नाही, हे मला फार आवडतं. आणि वॉर्डातली सगळी गुपितं चीफला ठाऊक असतात, कारण त्याच्यासमोर स्टाफ बिनधास्त बोलतो. कॅटॅटोनियातून, म्हणजे न बोलता न हलता पडून राहण्याच्या अवस्थेतून, बाहेर आलेले पेशंट त्यांच्या पलंगाशी कोण काय बोललं ते पुष्कळदा सांगतात. न बोलणाऱ्या पेशंटसमोर त्याच्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, आणि त्याला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं.

पुस्तकात खटकणारंही आहे आणि ते झाकू नये. सत्ता असलेली जवळजवळ प्रत्येक बाई इथे पुरुषाला खच्ची करणारी आहे. रॅचेड, बिलीची आई, हार्डिंगची बायको. चांगल्या बायका कोणत्या, तर पुरुषांची करमणूक करायला आलेल्या. शेवटी मॅकमर्फी तिचा युनिफॉर्म फाडतो तेव्हा वाचकाने सुटकेचा श्वास टाकावा अशी रचना आहे. नर्स म्हणून मला ते वाचवत नाही. काळ्या अटेंडंटचं चित्रण तर सरळसरळ वर्णद्वेषी आहे. एक अपवाद आहे. हिंसक पेशंटच्या वॉर्डातली जपानी नर्स. ती मॅकमर्फीच्या जखमा पुसते आणि सांगते की सगळे वॉर्ड असे नसतात. तिला पानं फार थोडी मिळतात. पुढच्या वाचनात ती नीट वाच.

शॉक आणि ऑपरेशन. लोबोटॉमी, म्हणजे मेंदूचं ते ऑपरेशन, पोर्तुगालच्या एगाश मोनिशने 1935 मध्ये सुरू केली, त्याबद्दल त्याला 1949 चं नोबेलही मिळालं. 1952 नंतर क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध आलं तसं ते ऑपरेशन मागे पडत गेलं, आणि कादंबरी आली तेव्हा ते उतरणीलाच लागलं होतं. शॉकचं तसं नाही. 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो पहिल्यांदा दिला आणि तो आजही दिला जातो, कारण तो काम करतो. कादंबरीत तो जागेपणी, बांधून, आणि शिक्षा म्हणून दिला जातो. असं प्रत्यक्षात घडलेलं आहे, म्हणून नातेवाइकांना "ते सगळं खोटं" असं कधी सांगू नको. या कादंबरीवरचा हॉलिवूडचा 1975 चा सिनेमा तर ओरेगनमधल्या सेलमच्या खऱ्याखुऱ्या सरकारी मनोरुग्णालयात चित्रित झाला आणि त्यात डॉक्टरांची भूमिका तिथल्याच प्रमुखांनी केली. लोकांना ते खरं वाटणारच.

त्यांना असं सांग. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला आता कायद्याने बंदी आहे. पेशंट रात्रीपासून उपाशी असतो, कवळी काढतात, भूलतज्ज्ञ हजर असतात, ऑक्सिजन चालू असतो. शॉकने येणारी फिट बहुधा मिनिटभरही टिकत नाही आणि पेशंटला ती कळत नाही. जागा झाल्यावर थोडा वेळ गोंधळलेपण, डोकेदुखी असते. त्या दिवसांतल्या काही आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत, हेही लपवू नको. कोणाला देतात? जीव द्यायला निघालेला, अन्नपाणी सोडलेला, दगडासारखा पडून राहिलेला पेशंट, जिथे गोळ्यांचा परिणाम होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण सहा ते बारा वेळा.

त्यानंतरही नातेवाईक नको म्हणाले तर वाद घालू नको, डॉक्टरांना बोलाव आणि नोटमध्ये त्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत लिही. आणि हे सगळं पलंगाशी बसून, पेशंटकडे बघून सांग. संमती आधी त्याची घ्यायची असते.